कॉन्ट्रॅक्टर म्हणून परदेशी गेलेल्या नाशिककरांनो, अनुभव लिहा

धागा, गंगापूर रोड
धाकट्या भावाला अमेरिकेतल्या एका कंपनीने विचारलंय, "पगारावर नको, कॉन्ट्रॅक्टर म्हणून ये." घरात पेढे वाटून झाले. मला मात्र धास्ती वाटतेय. मी स्वतः एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होते तेव्हा एका ओळखीच्या दुकानाची वेबसाइट करून दिली. दोन रात्रींचं काम, पाचशे डॉलर मिळाले. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी वकिलाने सहज विचारलं, "कंपनीशिवाय कुठे काम केलंत?" आणि माझे हात गार पडले. ज्या कंपनीने पिटिशन, म्हणजे आपल्या व्हिसासाठीचा अर्ज, भरलं तिचंच काम करायचं, दुसऱ्याचं करायचं तर त्यानेही वेगळं पिटिशन भरायचं, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. भावाच्या बाबतीत तसं व्हायला नको. जे भोगलंय ते मोकळेपणाने लिहा.

मूळ सिडको, सध्या विंडसर
मी कॅनडाचा नागरिक, पूल ओलांडला की डेट्रॉइट. आम्हाला टीएन हा अमेरिकेत काम करायचा परवाना मिळतो, तोही थेट सीमेवर, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा. कॅनडाच्या नुसत्या पीआरवर (कायम राहण्याच्या परवान्यावर) मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या. पहिल्या खेपेला मी माझ्याच फर्मच्या लेटरहेडवर पत्र नेलं: मी इंजिनिअर, मिशिगनमध्ये ग्राहक शोधून कामं करणार. अधिकाऱ्याने पत्र दोनदा वाचलं, काउंटरवर उलटं ठेवलं आणि विचारलं, "पैसे कोण देणार?" माझ्याकडे नाव नव्हतं. टीएनवर तिकडे जाऊन स्वतःचा धंदा मांडता येत नाही, काम आधीच ठरलेलं लागतं. गाडी वळवून परत आलो. दीड महिन्याने तिथल्या ग्राहकाचं पत्र घेऊन गेलो. काम काय, किती महिने, मोबदला किती, माझी पदवी कोणती, सगळं त्यात. सोबत करार. वीस मिनिटांत सुटलो. कॉन्ट्रॅक्टर तेव्हाही होतो आणि आत्ताही आहे, फरक त्या पत्राचाच.

इंदिरानगर
नवऱ्याच्या एच-वन-बीमुळे मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर होते. नाशिकच्या जुन्या ग्राहकांचं डिझाइनचं काम तिकडे बसून करावंसं वाटायचं, पण वकिलाने नको म्हटलं. चार वर्षं हात बांधून बसले. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेलं आय-140 मंजूर झालं, मला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालं आणि मग स्वतःचं काम उघडपणे सुरू केलं. 2015 पासून ही सोय आहे, पण सगळ्यांना लागू नाही. ती चार वर्षं मला अजून सलतात.

सातपूर
मी फिटर. आखातात दोनदा गेलो. पहिल्यांदा एजंट म्हणाला, "व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ." बदलला नाही. व्हिसा एकाचा, काम दुसऱ्याकडे, तिसऱ्या महिन्याचे पैसे बुडाले, आणि तक्रार करायला गेलो असतो तर मीच अडकलो असतो. दहावी नसल्याने माझ्या पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे आखातात कामाला जायला सरकारची मंजुरी लागते. दुसऱ्यांदा नोंदणीकृत एजंट शोधला, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून रीतसर मंजुरी घेतली. त्याला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पहिल्याने माझ्याकडून तिप्पट उकळले होते. पोरांनो, पावती मागा!

कॉलेज रोड
धागाकर्त्या ताई, भावाला इथेच राहून ते काम करता येईल का? मी सहा वर्षं करतोय. नाशिकमध्ये बसून केलेल्या कामाला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. ग्राहकाला डब्ल्यू-8बेन, म्हणजे आपण अमेरिकेचे करदाते नाही असं सांगणारा फॉर्म, भरून द्यायचा. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र भरायचं, म्हणजे निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं. बँकेतून परकीय चलन आल्याचा दाखला दर वेळी मागून ठेवा, मी पहिल्या वर्षी ठेवला नाही आणि सीएकडे तीन फेऱ्या झाल्या. इंजिनिअर वगैरे ठरावीक व्यवसायांना जमा 50 लाखांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. रोख 5 टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा 75 लाख.

धागा, गंगापूर रोड
विंडसरच्या दादांना सीमेवर विचारलेला "पैसे कोण देणार?" हा प्रश्न काल रात्री भावाने कंपनीला जसाच्या तसा विचारला, आणि सोबत, "माझं पिटिशन कोण भरणार?" आज उत्तर आलं: "ते तुमचं तुम्ही बघा." पेढ्यांचा बॉक्स अजून फ्रिजवर आहे. संध्याकाळी तो कॉलेज रोडवाल्यांच्या सीएंचा नंबर मागायला येतोय.