प्रति: ४३ इंची टीव्ही फोरके घ्यावा का?

इंदिरानगरच्या फ्लॅटमधला हॉल, सोफ्यापासून टीव्ही आठ फुटांवर, आणि वर सगळ्यांचं एकच पालुपद: पिक्सेल (चित्राचे ठिपके) जास्त तितकं चित्र भारी. एवढं सरळ नाही हो. ४३ इंची फुल एचडीत १९२०×१०८०, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल. एकेक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. सहा फुटांपलीकडून चांगल्या डोळ्यालाही ते सुटे दिसत नाहीत. मग फोरकेचे (३८४०×२१६०) ८३ लाख आठ फुटांवरून काय वेगळं दाखवणार?

त्यातून घरी केबलचे साधे एसडी, म्हणजे एचडी नसलेले, चॅनेल असतील तर मूळ चित्रच ७२०×५७६चं. फोरकेवर एका ठिपक्याचे वीस करायचे, मधलं टीव्हीने अंदाजाने भरायचं. पुसट दिसणारच, टीव्हीच्या पडद्याला दोष कशाला? एमजी रोडवर दुकानदार डेमो व्हिडिओ लावतो, त्यावर भाळू नका. आपला नेहमीचा चॅनेल लावायला सांगा. काळा रंग खरंच काळा दिसतो का, तेही बघा. मी पैसे तिथे घालीन.

कॉम्प्युटरच्या मॉनिटरचं मात्र उलट. २७ इंची फुल एचडी दोन फुटांवरून वाचताना जोडाक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. तिथे २५६०×१४४० घ्याच.