कीटकनाशकांचे अवशेष जिवाणूंवर सोपवायचे का?

मातीवेडा: माझं मत, सोपवायलाच हवेत. दूषित माती उकरून भट्टीत भाजली तर विष जातं, पण तिच्यात पुन्हा काही उगवण्याची ताकद राहत नाही. जिवाणू त्याच रसायनावर जगतात. अ‍ॅट्राझिन या तणनाशकातला नायट्रोजन स्यूडोमोनास एडीपी हा जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी घेतो आणि अख्खा रेणू कार्बन डायऑक्साइड व अमोनियापर्यंत मोडतो. डायझिनॉन आणि पॅराथिऑन ही कीटकनाशकं तोडणारा जिवाणू तर १९७३ मध्येच नोंदवला गेला, तोही फिलिपिन्समधल्या भातखाचरातला. इतक्या वर्षांनीही हे ज्ञान शेतापर्यंत नीट पोचू नये, याची मला चीड येते.

शंकासूर: सोयीची उदाहरणं निवडलीत. एंडोसल्फान हे कीटकनाशक घ्या. मातीतले जीवच त्याचं एंडोसल्फान सल्फेट करतात. ते मूळ औषधाइतकंच विषारी आणि त्याहून चिवट. डीडीटीचं डीडीई होतं आणि वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकापासून टीसीपी (ट्रायक्लोरोपायरिडिनॉल) हे संयुग तयार होतं. ते पाण्यात जास्त विरघळतं म्हणून खाली झिरपतं, वर ते जिवाणूंनाही मारक. तपासणीत मूळ औषध सापडलं नाही की जमीन 'स्वच्छ' म्हणायची? त्या जमिनीखालचं पाणी कुणीतरी पिणार आहे.

मातीवेडा: टीसीपी खाणारे जिवाणूही सापडलेत. एकाने अर्धवट सोडलं ते दुसरा पुरं करतो, म्हणून एकटा जिवाणू नको, समूह हवा.

शंकासूर: चंचुपात्रात, हो. शेतात तो दुसरा हजर असेलच, याची हमी कोण देणार?

ओलावा: दोघंही बाटलीतल्या जिवाणूंवरच भांडताय. बाहेरून सोडलेले जिवाणू बहुतेकदा टिकत नाहीत. आधीच वस्ती करून असलेले जीव त्यांना अन्न मिळू देत नाहीत, आदिजीव (एकपेशी सूक्ष्मजीव) त्यांना खातात, आणि जुने अवशेष चिकणमातीच्या व ह्यूमसच्या (कुजलेल्या सेंद्रिय भागाच्या) इतक्या बारीक छिद्रांत अडकलेले असतात की तिथवर पोचताच येत नाही. उलट स्थानिक जीव किती तयार होतात ते कार्बोफ्युरान या कीटकनाशकाने दाखवलंय. त्याच जमिनीत ते वारंवार टाकलं की जिवाणू सरावतात आणि किडीवर असर व्हायच्या आत औषध संपवतात. मग त्यांनाच ओल, हवा आणि कर्ब द्या. स्वीडनमध्ये १९९३ पासून फवारणी यंत्र भरायच्या-धुवायच्या जागी खड्डा करून त्यात निम्मा पेंढा, पाव भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) आणि पाव भाग माती घालतात. सांडलेलं औषध तिथेच अडकतं आणि पेंढ्यावर वाढणारी पांढरी कुज आणणारी बुरशी ते मोडते.

शंकासूर: खड्ड्याला माझी हरकत नाही. जागा आखलेली आहे, गळती रोखता येते, मिश्रण तपासता येतं. पण उघड्या शेतावर कुणी जिवाणूंचं द्रावण विकत असेल, तर मधल्या संयुगांची मोजणी त्यानेच करून दाखवावी, मातीत आणि विहिरीच्या पाण्यातही.

मातीवेडा: ही अट मान्य. पण मोजणी होईपर्यंत शेणखत आणि ओल कुणी थांबवू नये.