चेल्टनहॅम फेस्टिव्हल (इंग्लंडमधला घोड्यांच्या अडथळा-शर्यतींचा चार दिवसांचा मेळा): एकच दिवस जमणार, कोणता घेऊ?

बर्मिंगहॅमकर: मार्चमध्ये बाबा भारतातून येताहेत. महालक्ष्मी रेसकोर्सची जुनी सवय, पण अडथळ्यांची शर्यत कधी पाहिलेली नाही. मंगळवार की शुक्रवार? तिकीट कुठलं काढू?

लगाम: डोळे झाकून मंगळवार. पहिली शर्यत सुटते तेव्हा स्टँडमधून उठणारा गजर छातीत जाणवतो. चॅम्पियन हर्डल ही मोठी शर्यतही त्याच दिवशी. 2021 मध्ये हनीसकल या घोडीवर ती जिंकणारी रेचल ब्लॅकमोर ही पहिली महिला जॉकी. तिकीट टॅटरसॉल्स या प्रेक्षक-विभागाचं घ्या. बेस्ट मेट एन्क्लोजर स्वस्त आहे, पण तिथून पॅरेड रिंगपाशी (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे) जाता येत नाही, आणि बाबांना रिंग दाखवायलाच हवी. हातभर अंतरावरून घोडा जातो, मानेवरच्या फुगलेल्या शिरा दिसतात, थंडीत अंगातून वाफ निघते. शर्यतीत मात्र शेवटच्या अडथळ्यानंतरचा भाग नीट बघा. तिथून चढ आहे. पुढे असलेला घोडा त्या चढावर दमतो आणि मागचा गाठतो, हे पाहताना माझा श्वास आजही अडकतो.

टापा: माझं मत शुक्रवार. त्या दिवशी गोल्ड कप ही फेस्टिव्हलची मुख्य शर्यत असते, म्हणजे सव्वातीन मैलांहून जास्त अंतर, 22 अडथळे. 2022 मध्ये ब्लॅकमोरनेच तोही जिंकला, अ प्लू तार या घोड्यावर.

बर्मिंगहॅमकर: बाबांचे गुडघे दुखतात. स्टेशनपासून चालावं लागेल का?

लगाम: नाही हो. चेल्टनहॅम स्पा स्टेशनवरून बस असते. घडीचं स्टूल नेण्याआधी आत चालतं का ते विचारून घ्या. आणि बाबांना जाड मोजे द्या, शेजारच्या क्लीव्ह हिल टेकडीकडून वारा बोचरा येतो.