चौथीच्या गणिताला मायक्रोबिट हवा का?

भांडुपची बाई: दोन वर्षं मी चौथीच्या वर्गात मायक्रोबिट वापरतेय. काडेपेटीहून जरासा मोठा, उघड्या सर्किटचा इवलासा संगणक, त्यावर पाच ओळींत 25 लाल दिवे, दोन बटणं आणि रिमोटचे दोन सेल. मुलं सूचना लिहून देतात, तसे दिवे लागतात. माझ्याकडे सहा बोर्ड, मुलं बेचाळीस.

परवा सांगितलं, वरच्या ओळीतला उजव्या टोकाचा दिवा लावा. ओळीतला कितवा दिवा, त्या जागी एका मुलीने सूचनेत आकडा टाकला 5. काहीच पेटेना. तिने सेल काढून फ्रॉकला पुसले, परत बसवले. तरी नाही. मग 4 टाकला आणि टोकाचा दिवा लागला. "बाई, म्हणजे पहिला दिवा शून्य आहे!" मी तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. वहीतली चूक माझ्या लाल पेनाची वाट बघत बसते, ही तिची तिने शोधली. प्रत्येक शाळेत हे बोर्ड यायला हवेत.

गिरगावचे निवृत्त मुख्याध्यापक: बाई, तळमळ दिसते, पण मला पटत नाही. काड्यांचा गठ्ठा सोडला की दहा काड्या हातात येतात, हातचा म्हणजे काय ते बोटांना कळतं. बोर्डाच्या आत काय चाललंय ते मुलाला दिसत नाही. आणि शून्यापासून मोजणं ही यंत्राची सोय. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आलं तेव्हा घराघरांत केवढा वाद झाला होता, आठवा. कोवळ्या वयात मोजण्याच्या दोन रीती पुढे ठेवू नयेत. शिवाय सातांच्या गटात बटण एकच जण दाबतो.

घाटकोपर_सोल्डर: ब्रिटनमध्ये 2016 साली हे बोर्ड वाटले ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आपली सहावी. प्राथमिक शाळांना सरसकट मिळाले ते 2023 पासून. घाई नको.

मुलुंडचा बाबा: सर, पट्टीचं काय? माझा मुलगा पेन्सिल पट्टीवरच्या 1 पासून लावायचा आणि लांबी एक सेंटिमीटर जास्त सांगायचा. त्याला शून्यच कळायला हवा होता. आणि आपल्या इमारतींत आधी तळमजला, मग पहिला. मुंबईच्या पोराला यात नवं ते काय?

गिरगावचे निवृत्त मुख्याध्यापक: पट्टी वेगळी. तिच्यावर शून्य ही खूण, आपण मोजतो ती खुणांमधली अंतरं. दिवे म्हणजे वस्तू. दादर, माटुंगा, शीव, कुर्ला: स्टेशनं चार, मधली अंतरं तीन. मोठी माणसंसुद्धा इथे चुकतात, आणि तुम्ही नऊ वर्षांच्या मुलाला त्यातच लोटताय.

भांडुपची बाई: सर, माझ्या मुलीला नेमकं तेच सापडलं! तो 4 म्हणजे पहिल्या दिव्यापासूनच्या उड्या. पाच दिवे, चार उड्या. तुमची स्टेशनं उद्याच फळ्यावर घेते. हातच्याला काड्याच हव्यात, हे मान्य. सातांचा गट मोठा, हेही मान्य. म्हणून तर जास्त बोर्ड मागतेय.

गिरगावचे निवृत्त मुख्याध्यापक: उड्याच शिकवायच्या तर व्हरांड्यात खडूने पाच चौकोन आखा. बेचाळीसच्या बेचाळीस मुलं उड्या मारतील, सेल लागणार नाहीत. त्यानंतर बोर्ड हातात द्या, मग माझी हरकत नाही.