सॅन होजे शार्क्स: ताण पुरे झाला, आता पाणी सोडा

अंबडचा शार्क । 6 जुलै 2025, सकाळी 10.40

एकादशी आहे, भगर शिजायला वेळ आहे, म्हणून विषय काढतो. आइस हॉकीशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढं जावं.

अमेरिका-कॅनडातली एनएचएल म्हणजे 32 संघ आणि प्रत्येकाचे हंगामात 82 सामने. जिंकलं की 2 गुण, जादा वेळेत हरलं तरी 1. कंपनीच्या कामानं मी काही वर्षं सॅन होजेत होतो, तिथं शार्क्स डोक्यात बसले ते बसलेच. 2016 ला हेच अंतिम फेरीत पिट्सबर्गशी खेळले आणि सहाव्या सामन्यात घरच्या मैदानावर हरले. तिकीट परवडलं नाही म्हणून मी बाहेर उभा होतो. 2019 नंतर प्लेऑफचं, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचं, तोंड पाहिलेलं नाही. 2023-24 ला 47 गुण, 2024-25 ला 52. दोन्ही वर्षी 32 मध्ये बत्तिसावे!

हे आपोआप झालेलं नाही. मायर विकला, हर्टल विकला. कार्लसननं 2022-23 ला 101 गुण (खेळाडूचे गुण म्हणजे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) काढून लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा मान घेतला, तर त्याच उन्हाळ्यात तोही विकला. बदल्यात नव्या पोरांच्या निवडीचे हक्क घेतले. हरायचं, खाली राहायचं आणि ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळवायचा. मोसंबी फुलावी म्हणून पाणी तोडून तिला ताण देतात तसा हा ताण. मला तेव्हा पटलं होतं.

पण किती? 2023 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळचा चहा घेत मोबाइलवर मॅच बघत होतो. बाबांनी विचारलं, "किती झाले?" म्हटलं, "दहा." बाबा खूश. "आपले?" "नाही बाबा, आपला एक." पुढच्या सामन्यात परत दहा खाल्ले, आपले दोन. त्या वर्षी पहिले अकराच्या अकरा सामने हरलो. तेव्हापासून बाबा स्कोअर विचारत नाहीत, "चालू आहे का अजून?" एवढंच विचारतात.

माझं म्हणणं साधं आहे. ड्राफ्टमधून सेलेब्रिनी आला, स्मिथ आला, आता मिसा आला. रोपं लागली. या आठवड्यात ऑर्लोव्ह, क्लिंगबर्ग आणि लेडी असे तीन अनुभवी बचावपटू आणले, हे उत्तम झालं, फक्त एक वर्ष उशिरा. अजून दोन-तीन आणा. हरणं पुरे.

बागवान बदनापूर । सकाळी 11.25

अंबडकर, तुमच्या तोंडून ताण शब्द निघाला म्हणून लिहायलोय, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस. पोरगा टोरोंटोला शिकायला गेला, त्याच्या नादानं हा खेळ कळाला.

ताण कसा देतात तुम्हाला ठाऊक असंल. आंबे बहाराला डिसेंबरात पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळायला लागली की खत टाकून आधी हलकं पाणी, मग भरपूर. झाड घाबरून फुलतंय. इथवर तुमचं खरं.

पण झाड तीन वर्षांचं असंल तर आलेली फुलं आम्ही तोडून टाकतो. लोक हसतात, आलेला माल तोडायलाय म्हणून. कोवळ्या झाडावर फळ धरलं की त्याची वाढ थांबती आणि जन्मभर ते झाड तसंच खुरटं राहतंय. सेलेब्रिनी 19 चा, स्मिथ 20 चा, मिसा 18 चा. यांच्याकडून यंदाच जिंकायची घाई कामून?

आणि तुम्ही म्हणता त्या तिघा अनुभवी बचावपटूंचं वय बघा, 32 ते 34. डिकिन्सन नावाचं बचावपटू पोरगं आहे शार्क्सकडं, 19 वर्षांचं. नियम असा हाय की ज्युनियर लीगमधलं ह्या वयाचं पोरगं एकतर मोठ्या संघात ठेवा, नाहीतर परत ज्युनियरला धाडा. मधल्या एएचएलला, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगला, पाठवता येत नाही. ज्युनियरचा मेमोरियल कप त्याच्या संघानं यंदाच जिंकला, आता तिथं परत जाऊन काय शिकणार हाय ते? म्हातारे आणून त्याची जागा तुम्ही खाल्ली.

सीए, नांदेड । दुपारी 12.10

दोघंही शेतावर गेलात, आता जरा वहीवर या.

1 जुलै हा तिकडचा पाडवा. आपल्याकडं पाडव्याला सालगडी मोकळा होतो आणि पटेल त्या मालकाकडं साल धरतो, तसे तिकडं करार संपलेले खेळाडू त्या दिवशी मोकळे होतात. फरक एवढाच की मालकाच्या खर्चाला वरून छत आहे आणि खालून जोतं. 2025-26 साठी पगाराची कमाल मर्यादा 9 कोटी 55 लाख डॉलर आणि किमान 7 कोटी 6 लाख. त्याखाली जाता येत नाही. मोठे गडी विकून झाले, पोरं सुरुवातीच्या स्वस्त करारावर, असा संघ जोत्याच्या खाली जातो आणि त्याला कुणावर तरी पैसे खर्च करावेच लागतात. म्हणजे अंबडकरांना जी हिंमत दिसते ती निम्मी सक्ती आहे.

पण करार बघा. क्लिंगबर्ग एक वर्ष, 40 लाख. ऑर्लोव्ह दोन वर्षं, वर्षाला 65 लाख. सेलेब्रिनीचा पहिला तीन वर्षांचा करार 2027 च्या उन्हाळ्यात संपतो. ऑर्लोव्हचाही तेव्हाच. पोराला मोठा पगार द्यायची वेळ येईल तेव्हा म्हाताऱ्याचा हिशेब मिटलेला असेल. हे मुद्दाम जुळवलंय की आपसूक, ते त्यांना माहीत, पण जुळलंय खरं.

व्लासिकचंही तसंच. 19 हंगाम, 1,323 सामने, सगळे याच संघाकडून. त्याच्या आडनावाच्या ब्रँडचं लोणचं तिकडच्या दुकानात मिळतं म्हणून त्याचं टोपणनावच 'पिकल्स'. एक वर्ष उरलं असताना त्याला मोकळं केलं. नियमाप्रमाणे उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश द्यायचा, तोही दुप्पट काळात विभागून. इतकी वर्षं मुरलेली बरणी घराबाहेर ठेवताना वाईट वाटतंच, पण वहीत ते बरोबर बसतं.

जाता जाता वॉलमनचा सौदा सांगतो. जून 2024 ला डेट्रॉइटनं पगाराचं ओझं कमी करायला हा बचावपटू शार्क्सला जवळपास फुकट दिला, वर दुसऱ्या फेरीचा एक निवडहक्क दिला. नऊ महिन्यांनी शार्क्सनी त्याला एडमंटनला देऊन पहिल्या फेरीचा हक्क घेतला. मोंढ्यातल्या कुठल्या अडत्याला जमेल हे?

अंबडचा शार्क । दुपारी 12.50

सीए साहेब, सक्तीनं का होईना, पाणी सोडलं ना!

बागवान काका, फुलं तोडायचं पटतं. पण तोडत राहिलं की काय होतं त्याचं नाव बफेलो. 2011 ला शेवटचे प्लेऑफला गेले, त्यानंतर सलग 14 हंगाम बाहेर. लीगच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाचा नाही. ड्राफ्टमधून पोरं त्यांनाही चांगली मिळाली होती.

म्हशीच्या गावाहून परत (लातूर) । दुपारी 1.30

नावावरून ओळखलंच असेल. तीन वर्षं बफेलोत होते, सासूबाई फोनवर शेजारणीला सांगायच्या, "सून म्हशीच्या गावाला आहे."

26 मार्च 2015 चा सामना मी टीव्हीवर पाहिला. समोर अ‍ॅरिझोना, तेही तळातलेच. त्या वर्षी ड्राफ्टला कॉनर मॅकडेव्हिड येणार होता, म्हणून हरणाऱ्याचा फायदा. जादा वेळेत अ‍ॅरिझोनानं गोल केला आणि बफेलोच्या घरच्या मैदानात लोकांनी टाळ्या वाजवल्या! स्वतःचा संघ हरला म्हणून. बर्फावरच्या खेळाडूंचे चेहरे कॅमेऱ्यानं दाखवले, ते मला अजून दिसतात. आपल्या लातूरला बारावीच्या पोराला "यंदा ड्रॉप घे, पुढच्या वर्षी फोडशील" म्हणतात ना, तेव्हा त्याचा चेहरा असाच होतो.

शेवटचे आले, तरी ड्राफ्टमधल्या पहिल्या नंबराची लॉटरी एडमंटनला लागली. बफेलोला दुसरा नंबर, जॅक आयकेल. तो चांगलाच खेळाडू, पण मानेच्या शस्त्रक्रियेवरून वाद होऊन 2021 ला वेगासला गेला आणि 2023 ला तिथं लीगचा स्टॅनले कप उचलला.

तरी अंबडकर, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. बफेलोनं खरेदीही केली होती. 2011 च्या जुलैत लेइनोला सहा वर्षांसाठी 2 कोटी 70 लाख, एरहॉफला दहा वर्षांसाठी 4 कोटी. पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं म्हणे. 2014 ला दोघांनाही पैसे देऊन घरी पाठवलं. म्हणजे घाईनं पाणी सोडूनही बाग जाते. तुमचं "अजून दोन-तीन आणा" मला तिथं खटकतं.

रसवंती । दुपारी 1.42

मराठवाड्यात बर्फ फक्त माझ्याकडं मिळतो. लिंबू-आलं टाकून. कुणाला पाहिजे?

औरंगपुऱ्यातला विद्यार्थी । दुपारी 1.55

रसवंती भाऊ, लडाखला जाऊन बघा. गेल्याच महिन्यात भारताच्या मुलींनी आशिया कपमध्ये कांस्य घेतलंय.

आणि एवढी सगळी चर्चा कशाला? सेंट लुईस ब्लूज 3 जानेवारी 2019 ला लीगमध्ये शेवटचे होते आणि जूनमध्ये कप जिंकले. गोलरक्षक बदलला, काम झालं. शार्क्सकडं अस्कारोव्ह आहे की.

सीए, नांदेड । दुपारी 2.05

लॉटरीचं तिकीट लागलेल्या माणसाला विचारून धंदा करू नये. ब्लूजकडं तेव्हा मुरलेला संघ आधीच होता, प्रशिक्षक नोव्हेंबरातच बदललेला होता. शार्क्सकडं काय आहे ते अंबडकरांच्या वडिलांना विचार.

खो-खो मास्तर, धाराशिव । दुपारी 3.15

मला आइस हॉकीतलं काही कळत नाही, बर्फावर मी दोन पावलं उभा राहणार नाही. पण संघ पडझडीतून उभा करणं हे काम तीस वर्षं केलंय.

एक वर्ष आमची सगळी मोठी पोरं एकदम गेली. कुणी पोलीस भरतीला, कुणी पुण्याला. राहिली ती चौदा-पंधरा वर्षांची. पळायला वारा, पण सामन्यात पाटीवर बसली की गप्प. कुणी ओरडत नाही, कुणी कुणाला सावध करत नाही. पहिला गडी बाद झाला की दुसरा आधीच मान खाली घालून आत. दोन हंगाम हरलो. त्यांचा खेळ सुधारत होता, मी रोज बघत होतो, पण हरण्यात ती तरबेज झाली होती. सामना संपल्यावर कुणी रडेना, तेव्हा मला भीती वाटली.

मग एका जुन्या खेळाडूला हातापाया पडून आणलं. गुडघा गेलेला, मिनिटभर पळणं मुश्कील. नऊ जणांत घेतलं त्याला. खांबावर सूर कसा मारायचा हे मी हजार वेळा सांगितलं होतं. त्यानं एकदा मारून दाखवला, छाती सोलून घेतली आणि हसला. पुढच्या आठवड्यात तीन पोरांच्या छात्या सोललेल्या. एका पोराची जागा गेली हे खरं, त्याच्या बापानं माझ्याशी सहा महिने बोलणं टाकलं. पण बागवानसाहेब, तेच पोरगं पुढं कप्तान झालं.

बागवान बदनापूर । दुपारी 4.00

मास्तर, तुमचा मान ठेवून बोलतो. म्हातारं माणूस घरात पाहिजे, कोण नाही म्हणतंय? सेलेब्रिनी पहिल्या वर्षी जो थॉर्नटनच्या घरी राहिला. शार्क्सचा जुना कप्तान, आता निवृत्त. त्याच्या लेकरांसंगं जेवला, 70 सामन्यांत 63 गुण काढले. म्हाताऱ्यानं कुणाची जागा खाल्ली का? नाही. ही झाली रीत.

हरण्याची सवय लागती म्हणता. पंचवीस गोल केलेलं पोरगं हरायला शिकलं असं मला तरी दिसत नाही. तळाचा संघ हरला, पोरगं हरलं नाही.

अंबडचा शार्क । दुपारी 4.35

काका, त्यात तुम्हीच सापडलात. त्याच वर्षी टोफोलीनं 30 गोल केले. वय 33, जुलै 2024 ला विकत घेतलेला म्हातारा. पोराला जो अनुभव मिळाला तो घरी जेवताना मिळाला, तसाच बर्फावरही मिळाला. आता बचावात तसं कुणी नको?

ताई, तुमचं मान्य. "अजून दोन-तीन" मी मागं घेतो. लांब करार तर नकोतच.

पण ताणाबद्दल एक सांगायचं राहिलं. 2012 ला आमची साडेतीनशे झाडं होती, चौदा वर्षांची. विहीर डिसेंबरातच गेली. बाबा म्हणाले, "ताणच समजा, पाऊस पडला की फुटेल." टँकर घ्यायचा की नाही यावर घरात रोज भांडण. शेवटी चाळीस झाडांपुरता टँकर घेतला. बाकीची पुढच्या पावसात फुटली नाहीत, वाळली होती. जालना जिल्ह्यात त्या वर्षी कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. ताण कधी संपला आणि मरण कधी सुरू झालं, ते पान बघून आम्हाला कळलं नाही. बाबांनाही नाही, आणि त्यांचं अख्खं आयुष्य बागेत गेलेलं. म्हणून 47 आणि 52 गुणांवरून "झाड ठीक आहे" असं कुणी म्हटलं की मला झोप येत नाही.

बागवान बदनापूर । सायंकाळी 5.20

आमचीही गेली त्या साली. आकडा सांगत नाही.

बरं, एवढं कबूल करतो. ऑर्लोव्हची दोन वर्षं चालतील. पण ऑक्टोबरात डिकिन्सन बाकावर बसलेला दिसला तर मी तुम्हाला सकाळी नऊला फोन लावीन, मॅच चालू असताना.

आता बागेत चाललो. मृगाची फुलं निघायलीत तीन वर्षांच्या झाडांवर, उजेड हाय तोवर तोडून घेतो.

अंबडचा शार्क । सायंकाळी 5.24

एखादं राहू द्या काका.