अमेरिकी सैन्याच्या बातम्या नीट कळण्यासाठी काय वाचावं? सल्ला हवा आहे

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. माझा भाचा टेक्सासात असतो. ग्रीन कार्ड हाती आल्यावर गेल्या वर्षी तो तिथल्या सैन्यात भरती झाला. आमचं माहेर अपशिंगे मिलिटरी, वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत, त्यामुळे वर्दी घराला नवी नाही. पण वडील सीमेवर असताना आई पोस्टमनची वाट बघायची आणि पत्र येईपर्यंत दुसरं काही कानावर पडत नसे. आता ताईच्या फोनवर तासातासाला व्हिडिओ येऊन पडतात: 'अमेरिकेचं आरमार निघालं', 'महायुद्धाला तोंड फुटलं'. परवा रात्री दीड वाजता तिचा फोन आला. कुठल्याशा बातमीत तिथल्या संरक्षणमंत्र्यांना 'वॉर सेक्रेटरी' म्हटलं होतं, तिला वाटलं युद्ध जाहीर झालं. तिची समजूत घालण्याइतकं मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

रोज अर्धा तास देऊ शकते. इंग्रजी वाचता येतं, भराभर बोललेलं मात्र कळत नाही. ट्रम्प चांगले की वाईट हा वाद कृपया इथे नको. सैन्य कुठे पाठवायचं हे कोण ठरवतं आणि ते आपल्याला कुठे वाचायला मिळतं, एवढं सांगा.

रानजाई:
आधी त्या 'वॉर सेक्रेटरी'चं सांगते. ट्रम्प यांनी ५ सप्टेंबर २०२५ ला आदेश काढून संरक्षण खात्याला 'युद्ध खातं' असं दुसरं नाव दिलं. १७८९ पासून १९४७ पर्यंत तिथे याच नावाचं खातं होतं. नावाचा आणि युद्ध जाहीर होण्याचा काही संबंध नाही, हे तुमच्या ताईंना आजच सांगा, म्हणजे त्यांना झोप तरी लागेल.

वाचायला एकच सांगायचं तर काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिसचे अहवाल. काँग्रेस म्हणजे तिथली संसद. तिच्या सभासदांना मतदानाआधी विषय समजावा म्हणून ते लिहिलेले असतात, त्यामुळे कुणाची बाजू घेतलेली नसते. २०१८ पासून ते सगळ्यांना फुकट वाचता येतात. त्यात 'इन फोकस' नावाची दोन-दोन पानांची टिपणं असतात, तिथून सुरुवात करा. अर्ध्या तासात एक आरामात होतं.

पोटोमॅककाठ:
ताई, मी व्हर्जिनियात असते. मुलगा नौदलात आहे, सात वर्षं झाली. तुमच्या बहिणीची रात्र कशी जात असेल ते मला माहीत आहे.

'यूएसएनआय न्यूज' या नौदलाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळावर दर आठवड्याला एक नकाशा येतो. कोणती विमानवाहू नौका साधारण कोणत्या समुद्रात आहे, ते त्यात दाखवतात. महिनाभर बघा. अमेरिकेकडे अशा ११ नौका आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा कायम गोदीत किंवा सरावात असतात. 'आरमार निघालं' म्हणून जो व्हिडिओ येतो, त्यातली नौका पुष्कळदा आधीचीची पाळी संपली म्हणून तिच्या जागी चाललेली असते. हे एकदा लक्षात आलं की छातीतली धडधड निम्म्याने कमी होते.

भाचा आर्मीत आहे, तर त्याच्या तुकडीचा कुटुंबांसाठीचा गट असेल. खरी बातमी तिथून येते. आणि त्याला तारखा, ठिकाणं विचारू नका. पहिल्या वर्षी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर मुलाचं जहाज कधी सुटणार ते लिहिलं होतं. त्याने रात्री फोन करून ते माझ्याकडून पुसून घेतलं. आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, "आई, त्या जहाजावर बाकीच्यांचीही मुलं आहेत." तेव्हापासून एक अक्षर लिहिलेलं नाही.

सनावळी:
'कोण ठरवतं' हाच मूळ प्रश्न आहे. राज्यघटनेप्रमाणे युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा. पण काँग्रेसने शेवटचं युद्ध पुकारलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, यांपैकी एकाही ठिकाणी तशी घोषणा झाली नाही. म्हणजे 'युद्ध जाहीर' असा मथळा दिसला की आधी शंका घ्यायची.

१९७३ चा वॉर पॉवर्स ठराव नक्की वाचा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने तो मंजूर केला. सैन्य लढाईत उतरवलं तर राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत काँग्रेसला लेखी कळवायचं, आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबायचं, माघारीला लागले तर आणखी ३०. कागदावर हे पक्कं दिसतं, पण पळवाट निघते. २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटल्यावर ओबामा सरकारने सांगितलं की ही कारवाई कायद्याच्या अर्थाने 'लढाई'च नाही.

आणि सप्टेंबर २००१ चा ठरावही वाचा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर काँग्रेसने त्यात राष्ट्राध्यक्षांना सैन्य वापरायची मोकळीक दिली. मुख्य कलम जेमतेम ६० शब्दांचं. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी मंजूर, ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्या ६० शब्दांच्या आधारावर पुढे किती देशांत सैन्य गेलं ते बघितलं, की ठरावातला एकेक शब्द का वाचायचा ते कळतं. मला तर बार्बरा ली यांचं ते एक मत फार मोठं वाटतं.

गोदातीर:
सनावळींशी थोडा असहमत आहे. नुसते कायदे वाचून निर्णय का झाला ते समजत नाही. 'वॉर ऑन द रॉक्स' आणि 'लॉफेअर' ही संकेतस्थळं वाचा. पहिल्यात लष्करातली माणसं लिहितात, दुसऱ्यात कायद्यातली.

सिनेट म्हणजे काँग्रेसचं वरिष्ठ सभागृह, त्याच्या सैन्य समितीच्या सुनावण्याही सोडू नका. ऐकायला जड जात असतील तर लेखी प्रत वाचा. २८ सप्टेंबर २०२१ ची अफगाणिस्तानवरची काढा. तिथे त्या भागातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल मॅकेन्झी यांनी शपथेवर सांगितलं की अफगाणिस्तानात अडीच हजार सैनिक ठेवावेत असं त्यांचं मत होतं. त्याआधी महिनाभरच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन मुलाखतीत म्हणाले होते की असं कुणी सांगितल्याचं त्यांना आठवत नाही. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा.

रानजाई:
अफगाणिस्तानचा विषय निघालाच आहे तर सिगार या देखरेख कार्यालयाचे अहवाल विसरू नका. ५४.९ कोटी डॉलरच्या प्रकल्पात अफगाण हवाई दलाला २० मालवाहू विमानं दिली. सुटे भाग मिळेनात, म्हणून त्यातली बहुतेक काबूल विमानतळावर उभीच राहिली, आणि १६ विमानं पाउंडभर वजनाला सहा सेंट दराने भंगारात गेली. अफगाण सैनिकांना गणवेशही दाट जंगलात लपायच्या नक्षीचा दिला होता. त्या देशात जंगल आहे फक्त सुमारे दोन टक्के जमिनीवर. हे सगळं अमेरिकेच्याच सरकारी कार्यालयाने लिहून ठेवलंय, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. पोटोमॅककाठ, तुमच्या मुलाचं वाक्य ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने दोन चॅनेल बंद केले. मी वॉर पॉवर्सचं टिपण वाचलं, दोनदा वाचावं लागलं. ती ४८ तासांची पत्रं कुठे सापडतात?

सनावळी:
व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर येतात. आणि रिसर्च सर्व्हिसचा एक मोठा अहवाल आहे, १७९८ पासून परदेशात कुठे कुठे सैन्य वापरलं त्याची सालवार यादी. शेवटची पानं आधी वाचा.

कोयनाकाठ:
मिळाला. रविवारी ताई मुक्कामाला येतेय. शेवटची दहा पानं छापून ठेवली आहेत, आणि जगाचा मोठा नकाशाही आणलाय.