तीन कॅम्पस, तिन्हीकडे १९२.१६८.१, आता जोडू कसे?

वायरवाला: आमच्या विद्यापीठाचे तीन कॅम्पस. प्रत्येक ठिकाणी त्या त्या वेळच्या व्हेंडरने राउटर खोक्यातून काढला, लावला आणि आतल्या पत्त्यांची खोक्यातलीच सुरुवात, १९२.१६८.१, तशीच ठेवून गेला. आता वरून हुकूम आलाय की तिन्ही एका नेटवर्कवर आणा. काल दुसऱ्या कॅम्पसच्या लायब्ररी सर्व्हरला पिंग (चालू आहेस का, अशी हाक) मारला तर उत्तर दिलं आमच्याच शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरने! पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवर चालणारे पत्ते, फक्त एक /२४, म्हणजे २५६ (रेषेपुढचा आकडा जितका लहान तितका गठ्ठा मोठा), आणि हॉस्टेलमध्ये चार हजार पोरं. अजून मागू का?

पिंगपाटील: मागा की, पण मिळणार काय? जगभर पत्ते वाटणाऱ्या आयानाचा साठा फेब्रुवारी २०११ लाच संपला, आपल्या आशिया-पॅसिफिक भागाला पत्ते देणारं एपनिक आता नवीन मेंबरला जास्तीत जास्त /२३ देतं, ५१२ पत्ते. पूर्वी खिरापत वाटल्यासारखे वाटले हो, एमआयटीकडे १८ ने सुरू होणारं अख्खं /८ होतं, एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते, २०१७ ला त्यातले जवळपास निम्मे विकायला काढले. स्टॅनफर्डने मात्र ३६ चं /८ २००० सालीच परत करून टाकलं.

सबनेटकाका: अरे तुझा प्रॉब्लेम पब्लिक आयपीचा नाहीच, आतल्या नंबरांचा आहे. सगळं १० ने सुरू होणाऱ्या खाजगी रेंजमध्ये ने. दुसरा आकडा कॅम्पसचा, १०.१, १०.२, १०.३. मग प्रत्येक इमारतीला /२०, म्हणजे तिसरा आकडा ०, १६, ३२ असा सोळाच्या उड्यांनी, आज दोनच व्हीलॅन (एकाच वायरिंगवरची वेगवेगळी नेटवर्कं) असले तरी, कारण उद्या लॅब वाढली की शेजारच्या इमारतीत घुसावं लागत नाही आणि फायरवॉलमध्ये अख्खी इमारत एका ओळीत बसते. हॉस्टेल एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या तुकड्यात) कोंबू नकोस, मजल्याप्रमाणे तोड, नाहीतर प्रत्येकाला जाणाऱ्या ब्रॉडकास्ट निरोपांनीच वायफाय मरेल. सगळी पोरं एकाच पब्लिक आयपीमागे टाकलीस तर साइट्सना संशय येईल आणि पोरं दिवसभर कॅप्चा सोडवत बसतील, सोळाएक आयपीचा पूल ठेव. आणि नॅटचे (आतले पत्ते पब्लिक आयपीमागे लपवणाऱ्या यंत्रणेचे) लॉग १८० दिवस ठेव, सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेचा, सर्ट-इनचा, २०२२ चा नियम आहे.

सहावा_व्हर्जन: एवढं खोदकाम करताच आहात तर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, खूप मोठी पद्धत, पण घ्या. एका /४८ मध्ये ६५,५३६ सबनेट, सबनेटच्या नंबरातला पहिला हेक्स (सोळाच्या पद्धतीतला) आकडा कॅम्पसला देऊन टाका.

वायरवाला: काका, १० चा प्लॅन पटला. सुरुवात एका इमारतीपासून करतो. फक्त अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरचा आयपी कोणीतरी कायमचा कोरून ठेवलाय, तो कोणी ते आता कुणालाच आठवत नाही 😅

सबनेटकाका: मग ती इमारत सगळ्यात शेवटी.